तोंडी परवानगी

कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनकडे लोक दोनच कारणांनी येतात. एक म्हणजे वीज गेली, आणि दुसरं म्हणजे स्वतःचं काहीतरी चार्ज करायचं आहे. पहिल्या कारणासाठी येतात तेव्हा शिव्या देत येतात, दुसऱ्यासाठी येतात तेव्हा चहा घेऊन. चिखली-मेहकर रस्त्यावरच्या एका सोयाबीन तेलाच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली. वायरमन म्हणून लागलो आणि सुपरवायझर म्हणून बाहेर पडलो. कारखान्याचं नाव लिहीत नाही. इकडच्या लोकांना ते कळेलच, आणि बाकीच्यांना कळून उपयोग नाही.

सुरुवातीला लोक मोबाईल घेऊन यायचे. मग आली बॅटरीची स्कूटर. ती पहिल्यांदा आणली डिस्पॅचमधल्या सोनोनेंनी. आणल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी कुणाला न विचारता कॅन्टीनच्या खिडकीतून एक बारीक वायर आत टाकली, फ्रीजचा प्लग काढला आणि तिथं स्कूटर लावली. दुपारी जळका वास सुटला. मी धावत गेलो तर सॉकेट वितळून भिंतीवर ओघळलं होतं. कॅन्टीनचे रामराव दुधाचं पातेलं दोन्ही हातांत धरून दारात उभे होते.

"इंगळेभाऊ, या सोनोनेच्या गाडीनं माह्यं वीस लिटर दूध पेलं!"

लोक हसले. सोनोनेंना मात्र शेवटपर्यंत पटलं नाही. "मिक्सर चालते, फ्रीज चालते, मंग माह्या गाडीनंच काऊन जळते?" ते विचारत राहिले. त्यांना सांगितलं तेच इथं सांगतो. मिक्सर पाच मिनिटं चालतो आणि थांबतो, फ्रीजही मधे मधे थांबतो. गाडी मात्र चार-सहा तास न थांबता एकसारखी वीज ओढते. तेवढा वेळ बारीक वायर आणि ढिला प्लग तापत जातात. पंखा गार वारा देतो म्हणून वीजही गार असते, असं समजणाऱ्या लोकांत मी आयुष्य काढलं.

त्यानंतर एक-दोन वर्षांनी मुख्य कचेरीतून पत्र आलं आणि गेटजवळच्या फलकावर नोटीस लागली. कंपनीच्या सर्व कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेत आपलं विद्युत वाहन कारखान्यात मोफत चार्ज करता येईल. 'सर्व' हा शब्द ठळक अक्षरात होता. मी तो पुन्हा पुन्हा वाचला, कारण असा शब्द आमच्या फलकावर फारसा येत नसे.

कचेरीसमोर नवीन पत्र्याची शेड टाकायची आणि तिच्याखाली चार गाड्यांसाठी चार चार्जर बसवायचे, असं काम होतं. बाहेरून आलेला ठेकेदार म्हणाला, अर्थिंगची तार शेडच्या खांबाला बांधून टाकू. मी म्हणालो, मग चार्जर तुमच्या घरी लावा. अर्थिंग म्हणजे, यंत्रात कुठं वीज फुटली तर तिनं माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावं म्हणून करून दिलेली वाट. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि कोरड्या भेगाळ मातीत ही वाट बंद होते. मी दोन नवे खड्डे खणून घेतले, कोळसा आणि मीठ भरून घेतलं, आणि उन्हाळाभर त्यांत पाणी सोडायला माणूस लावला. ठेकेदारानं माझी तक्रार केली. प्लांट हेड साहेब तेव्हा मला म्हणाले, "इंगळे, तुम्ही फार ताणता." ते काम मी आजही छाती पुढे काढून सांगतो. त्या चार जागांवर कुणाला कधी साधा झटकाही बसला नाही.

शेड तयार झाली. फीत कापली, फोटो निघाले. फक्त गाडी नव्हती. साहेब लोकांना कंपनीच्या डिझेल गाड्या होत्या, आणि कामगारांकडे मोटारसायकली. चार चार्जर हिरवे दिवे लावून रिकामे उभे राहिले.

अशात एक दिवस प्रयोगशाळेतली वैशाली मोरे माझ्याकडे आली. तेलाचे नमुने तपासण्याचं तिचं काम. साखरखेर्ड्याची मुलगी, बी.एस्सी. झालेली, तिशीच्या अलीकडची. तिच्या गावाहून आणखी तिघी आमच्याकडे पॅकिंगमध्ये होत्या. कारखाना सुटायचा सहाला आणि गावाची शेवटची बस फाट्यावरून जायची साडेपाचला. त्यामुळं या चौघी पाचलाच निघायच्या आणि त्यांची अर्धी हजेरी कापली जायची. नाहीतर घरचं कुणी मोटारसायकल घेऊन येईपर्यंत गेटवर उभ्या राहायच्या.

"काका, गाडी घेऊन राह्यली मी," ती म्हणाली. "जालन्याच्या एका डॉक्टरची हाय, बॅटरीवरची, जुनी. चौघीजनी येऊ-जाऊ. पन ते नोटीस खरी हाय ना?"

"खरी आहे ना. चार्जर मी बसवले."

"तसं नाई. उद्या बंद तं नाई करनार?"

मी तिला नोटिशीतला तो ठळक शब्द दाखवला. तरी तिचं समाधान होईना. घरीच चार्ज केली तर कसं, असं तिनं विचारलं. एका रविवारी मी तिच्या घरी मीटर घेऊन गेलो. घर खांबापासून लांब, वायर जुनी. संध्याकाळी पिठाची गिरणी आणि लोकांच्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की दोनशे तीस व्होल्टच्या जागी दाब एकशे साठवर यायचा. तेवढ्यावर गाडीचा चार्जर स्वतःच बंद पडतो. तिच्या आईनं चहा दिला. मी म्हणालो, "घरच्या भरवशावर घेऊ नका. कारखान्याच्या भरवशावर घ्या. तिथं माझी लाईन आहे."

ती वाक्यं माझी होती. दुसऱ्या कुणी तिला सांगितली नव्हती.

गाडी आली. पांढरी, छोटी, मागच्या काचेवर डॉक्टरांचं लाल चिन्ह खरवडल्याची खूण. सकाळी पावणेआठला ती गेटमधून आत यायची. चौघी उतरायच्या, वैशाली चार्जरचं कार्ड फिरवून गाडी लावायची, आणि संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गाडी बाहेर पडायची. अर्धी हजेरी बंद झाली. पॅकिंगमधली शोभा, चौघींत वयानं मोठी, मला एकदा म्हणाली, "भाऊ, पंधरा वर्षांत पयल्यांदा मी घरी जाताना कोनाची वाट पाह्यली नाई." आठ महिने असं चाललं. नोकरीतले माझे ते चांगले दिवस होते.

मग उन्हाळा आला. कारखान्याच्या आवारात सावली अशी एकच, चार्जरच्या नव्या शेडची. साहेबांच्या ड्रायव्हरांनी डिझेल गाड्या तिच्याखाली आणून लावल्या. पहिल्या दिवशी दोन, आठवडाभरात चारही. चार्जरच्या वायरी त्या गाड्यांच्या आरशांना अडकवून ठेवलेल्या असायच्या. वैशालीची गाडी उन्हात, चार्जरपासून वीस फुटांवर. ती ड्रायव्हरांना म्हणाली, जरा एक काढा. ते म्हणाले, साहेबांना विचारा. तिनं साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "शेड सगळ्यांसाठीच आहे ना?"

ती माझ्याकडे आली नाही. तिनं शेडचा फोटो काढला आणि सरळ मुख्य कचेरीला पाठवला. वर दोनच ओळी लिहिल्या : चार्जिंगच्या चारही जागांवर डिझेलच्या गाड्या उभ्या असतात, कृपया लक्ष द्यावं. मुख्य कचेरीतल्या लोकांनी त्या शेडचा फोटो आपल्या वार्षिक पुस्तकात छापला होता. त्यांनी लक्ष दिलं. प्लांट हेड साहेबांना फोन आला.

दोन दिवस शेड रिकामी राहिली. तिसऱ्या दिवशी जुनी नोटीस निघाली आणि नवी लागली. चार्जिंगची सोय अधिकारी श्रेणीपुरती. वैशाली अधिकारी नव्हती. तिचं चार्जरचं कार्ड गेटवरच काढून घेतलं.

त्या दुपारी ती वीज विभागात येऊन बसली. रडत नव्हती, चिडलेली होती.

"काका, एकाही अधिकाऱ्याजोळ बॅटरीची गाडी नाई."

"माहीत आहे."

"मंग कोनासाठी हाय ते?"

 मला राहवलं नाही. प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीला एक जाड सॉकेट होतं. जुन्या भट्टीसाठी मीच बसवलेलं. वायर जाड, स्वतंत्र लाईन, अर्थिंग चोख. भट्टी बाद झाली होती. मी म्हणालो, "उद्यापासून तिथं लावा. गाडी मागं उभी करा."

"लेखी देता का?"

"मी सांगतो ना. वीज विभाग म्हणजे मीच."

असं म्हणताना बरं वाटलं होतं, ते कबूल करतो. साहेबांच्या शेडला माझ्या भिंतीनं दिलेलं ते उत्तर होतं. पण ते उत्तर मी कागदावर दिलं नाही. कागदावर देण्याइतका मी मोठा नव्हतो, आणि हे मला तेव्हाच ठाऊक होतं. तिला मात्र ते सांगितलं नाही.

दोन महिने गाडी त्या भिंतीमागे चार्ज झाली. मग कुणीतरी सांगितलं. कोणी, ते मी शोधत बसलो नाही. एका सकाळी दहाला फोन आला, लॅबमागची लाईन ताबडतोब तोडा. मी जाऊन तोडली. गाडीच्या तोंडातला प्लग मीच काढला आणि वायर गुंडाळून डिकीजवळ ठेवली. नंतर मला कचेरीत बोलावलं.

प्लांट हेड साहेब खिडकीकडे बघत होते. एचआरचे पाटील टेबलाशी होते. हा पाटील खामगावकडचा, माझ्या हाताखालून त्यानं कारखाना पाहिलेला, मला काका म्हणणारा. त्यानं एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. चार ओळींचा. श्रीमती वैशाली मोरे यांना उक्त ठिकाणी वाहन चार्ज करण्याची कोणतीही परवानगी विद्युत विभागाकडून देण्यात आलेली नव्हती. खाली माझं नाव आणि सहीची जागा.

मी वाचला. पुन्हा वाचला.

"इंगळे, तुमच्यावर काही नाही," साहेब खिडकीकडे बघतच म्हणाले. "पण परवानगी दिली असेल तर मग प्रश्न तुमच्या सुपरवायझरच्या लायसनचा येतो. आठ महिने राहिलेत ना तुमचे?"

मी पाटलाला म्हणालो, "इथं एक शब्द टाका. कोणतीही 'लेखी' परवानगी."

"तेच ते हाय काका," पाटील म्हणाला. "करून टाका ना सही. तुमचं काय जाऊन राह्यलं?"

तेच ते नव्हतं. त्या एका शब्दानं कागद खरा झाला असता, आणि खरा झाला म्हणूनच त्यांना तो नको होता. हे त्या खोलीत आम्हा तिघांनाही समजलेलं होतं. मी तो शब्द आणखी एकदाही मागितला नाही. सही केली. माझी सही लांबलचक आहे, लोक तिला हसतात. त्या दिवशी ती मी पूर्ण केली, शेवटच्या रेघेसकट.

चौकशी दुपारीच झाली. विनापरवाना कंपनीची वीज वापरली, असा आरोप. वैशालीनं सांगितलं की परवानगी होती, इंगळेकाकांनी दिली होती. तिला कागद दाखवला. ती म्हणाली, काकांना बोलवा. हे मला नंतर कळलं. मला कुणी बोलावलं नाही. पण बोलावतील म्हणून मी ट्रान्सफॉर्मरच्या आवारात जाऊन उभा राहिलो होतो. तिथं फोन वाजला तरी ऐकू येत नाही. सकाळीच पुसलेलं पॅनेल मी पुन्हा पुसत होतो.

चार वाजता तिला कामावरून काढल्याचं पत्र दिलं. लॅबमागं गाडीकडे जाताना मी तिला लांबून पाहिलं. हातात पर्स आणि डबा. गाडीत सकाळी लाईन तोडली तेव्हा होती तेवढीच वीज होती. साखरखेर्ड्यापर्यंत पुरणार नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? चार चार्जर शेडखाली हिरवे दिवे लावून उभे होते. मी एक कार्ड फिरवलं असतं तर तासाभराची वीज भरली असती. मी फिरवलं नाही.

पुढचं शोभानं कॅन्टीनच्या रामरावांना सांगितलं, आणि त्यांच्याकडून मला कळलं. बाकी तिघींची सुटी होईपर्यंत वैशाली गेटबाहेर थांबली. सहाला चौघी निघाल्या. पुढच्या फाट्यावर एका पंक्चरवाल्याच्या दुकानात हवेच्या पंपाचं सॉकेट होतं. त्यानं पंपाचा प्लग काढला आणि म्हणाला, लावा ताई, माझ्याकडे आता कोण येते! चौघी तिथं बाकावर बसून राहिल्या, गाडी घरी जाण्याइतकी भरेपर्यंत.  तेवढ्यात एक ट्रॅक्टरवाला चाकात हवा भरायला आला, तर पंक्चरवाल्यानं त्याला थांबवून ठेवलं.

त्या माणसाला अर्थिंगमधलं काही कळत नसेल.

महिनाभरात पॅकिंगमधल्या दोघींनी काम सोडलं. शोभा राहिली, पुन्हा अर्ध्या हजेरीवर. ती मला पाहिलं की मान खाली घालून जायची. तिला नोकरी टिकवायची होती, त्यामुळं ती मला काही बोलू शकत नव्हती, आणि ते न बोलणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

मी आठ महिने पूर्ण केले. शेवटच्या दिवशी शाल, नारळ आणि एक घड्याळ. साहेबांनी भाषणात सांगितलं, इंगळे म्हणजे शिस्तीचा माणूस, कागदावर नसलेलं काम त्यांनी कधी केलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाटलानं माझ्या पाया पडून आशीर्वाद मागितला. मी दिला.

घरी बसल्यावर हात रिकामे झाले आणि हे सगळं वर आलं. सव्वा वर्ष मी साखरखेर्ड्याला जाईन-जाईन म्हणत होतो. लग्नाचं निमंत्रण देण्याचं निमित्त झालं असतं, पण माझ्या मुलांची लग्नं होऊन गेलेली. शेवटी निमित्ताशिवायच गेलो. एका रविवारी, दुपारच्या बसनं.

तेच घर. दारासमोर गाडी नव्हती. वैशाली अंगणात ज्वारी पाखडत होती. मला पाहून उठली, सूप खाली ठेवलं.

"काका! या ना. बसा."

तिच्या आईनं तर खुर्ची पदरानं पुसून दिली. "किती दिवसानं आले भाऊ," म्हणाली. मला त्या आगत-स्वागताचा अर्थ लागेना. मी दार लावून घेतील अशा तयारीनं गेलो होतो. आई चहा ठेवायला आत गेली. वैशालीनं सांगितलं की ती आता चिखलीला एका डेअरीत दूध तपासते, बसनं जाते. गाडी जालन्याकडच्याच कुणाला दिली. सगळं ती सहज सांगत होती, जणू मधे काही झालंच नाही.

मी म्हणालो, "ताई, मी एका कामासाठी आलो. त्या दिवशी मी खोटी सही केली. तुम्हाला परवानगी मी दिली होती. ते मी आता लिहून देतो, तुम्हाला कुठं लागलं तर. कोर्टात म्हणा, कुठंही."

तिनं सूप जवळ ओढलं.

"काका, एक विचारू?"

"विचारा."

"सही करताना तुमाले माहीत होतं का, की त्याच्यावर मले काढतीन?"

बसमध्ये मी पुष्कळ उत्तरं तयार केली होती. लायसनचं, आठ महिन्यांचं, त्या एका शब्दाचं. 

"माहीत होतं."

"कागद वाचला होता?"

"दोनदा."

तिनं सुपातले चार दाणे उचलले आणि पुन्हा सुपात टाकले. आवाज अजिबात चढला नव्हता.

"मले वाटलं, तुमाले न वाचू देता सही घेतली. नाईतं दुसराच कागद सांगून. मी सगळ्याइले तेच सांगत आली, काकांले फसवलं म्हनून. आई तुमाले शिव्या देत होती, तवा मी तिच्यासंगं भांडली. शोभामावशीसंगं तं बोलनंच बंद केलं होतं मी, तिनं तुमचं नाव घेतलं म्हनून."

आत कप वाजले.  लिहून द्यायला आणलेला कोरा कागद माझ्या खिशात होता, तो मी बाहेर काढला नाही. तिनंही मागितला नाही.

आतून तिच्या आईनं आवाज दिला, "वैशाली, भाऊ जेवून जातीन ना वं? भाकरी टाकते."

 वैशाली सूप उचलून उभी राहिली.

"नको टाकू आई," ती म्हणाली. "त्याइले जाचं हाय."